दोनशेच्या टायमावरून चारशेचा अंदाज: गुणाकार सोडा, उरलेलं अंतर मोजा

बेळगाव-निपाणी-खानापूर पट्ट्यात ड्रॅगची, म्हणजे उभ्या जागेवरून सुटून सरळ रेषेत ठरलेलं अंतर कापायच्या शर्यतीची, गाडी तयार करणाऱ्या पोरांना विचारा, चारशे मीटरला किती सेकंद घेईल? उत्तर ठरलेलं असतं: "सोपं आहे की ओ दादा, दोनशेच्या टायमाला १.५५नं गुणायचं." मग तीच गाडी खऱ्या ट्रॅकवर जाते, तिथं मिळणाऱ्या वेळेच्या पावतीवर अर्धा सेकंद जास्त उमटतो आणि बिचाऱ्या कार्बोरेटरवर खापर फुटतं. गाडीत काहीच बिघडलेलं नसतं. आकडा मुळातच चुकीचा काढलेला असतो.

१.५५ हा गुणक भरपूर ताकदीच्या, मोठ्या इंजिनाच्या मोटारींवरून आलेला आहे. १५० ते ४०० सीसीच्या आपल्या बाइकला, किंवा घरच्या पेट्रोल हॅचबॅकला, तो जसाच्या तसा लागू होत नाही. शिवाय गुणाकारात आणखी एक खोट आहे: सुरुवातीला जे काही चुकलं, तेही तो फुगवून पुढं नेतो. म्हणून खालची रीत वेगळी आहे. दोनशेची वेळ मोजलेली आहे, ती तशीच ठेवायची. दोनशे ते चारशे या उरलेल्या तुकड्याची वेळ वेगावरून काढायची. दोन्हींची बेरीज करायची.

१. आधी अंतर पक्कं करा

बोलताना आपण दोनशे आणि चारशे म्हणतो. मूळ अंतरं आहेत पाव मैल, म्हणजे १३२० फूट किंवा ४०२.३४ मीटर, आणि त्याचं अर्धं, ६६० फूट किंवा २०१.१७ मीटर. ताशी १२२ किमीने जाणाऱ्या गाडीला वरचे १.१७ मीटर कापायला साधारण ०.०३ सेकंद लागतात. चारशेच्या टोकाला वरच्या २.३४ मीटरांचे जवळपास ०.०६ होतात. शंभरावा भाग मोजणाऱ्या खेळात हे सोडून चालत नाही. लेखात पुढं दोनशे-चारशेच म्हणतो, पण खुणा मात्र २०१.१७ आणि ४०२.३४ वर करायच्या.

टेप स्टीलचा घ्या आणि जमिनीवर टेकवून ताणा. हवेत झोळ पडलेल्या कापडी टेपने मोजलेलं अंतर कमी भरतं.

मोजायच्या खुणा: ६० फूट (१८.२९ मीटर), ३३० फूट (१००.५८ मीटर) आणि ६६० फूट. साठची खूण बहुतेक जण गाळतात. ती गाळली, तर पुढं गाडी कमी पडली की सुटताना घोळ झाला, हे कळायला मार्गच राहत नाही.

२. जागा

राष्ट्रीय महामार्गावर नाही, सर्व्हिस रोडवर नाही, पहाटे चारला रिकाम्या रिंग रोडवर तर नाहीच. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १८९ फक्त शर्यतीपुरतं नाही. सार्वजनिक जागी, राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय केलेली वेगाची चाचणीही त्यात येते. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सांबऱ्याची धावपट्टी विमानतळाची आणि हवाई दलाची. तिचा विचारही नको.

उरतं काय? मालकाच्या लेखी परवानगीने मिळालेलं खासगी आवार, किंवा अधिकृत ड्रॅगचा दिवस. दोनशेवरून अंदाज काढायची वेळ येते ती नेमकी यामुळंच: लांब आणि सुरक्षित जागा मिळत नाही. पण दोनशेसाठीसुद्धा पुढं थांबायला निदान तेवढीच मोकळी जागा हवी. आवार एकूण अडीचशे मीटरचं असेल, तर तिथं दोनशे पळवायचं नाही. शंभर पळवून सुटणं सुधारा आणि घरी या.

*तपासा:* उतार. डोळ्याला सपाट दिसणारी जमीन बहुतेक वेळा सपाट नसते. शंभराला एक उतार म्हणजे दोनशे मीटरवर दोन मीटर. पुढं घेतलेल्या उदाहरणातल्या बाइकचा दोनशेनंतरचा सरासरी प्रवेग सेकंदाला १.२५ मीटरच्या आसपास आहे. एक टक्का उतारानं त्यात ८ टक्क्यांचा फरक पडतो. गवंड्याकडची पाण्याची नळी घेऊन तुकड्या-तुकड्यानं लेव्हल बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी आणलेली माती आवाराच्या फाटकापासून आतपर्यंत पसरलेली असते. सुटायच्या पट्टीवरची पहिली वीस मीटर झाडून घ्या. बाकी नाही झाडलं तरी एक वेळ चालेल.

३. मोजमाप

गाडीचा स्पीडोमीटर इथं चालत नाही. तो खऱ्यापेक्षा कमी दाखवत नाही, जास्तच दाखवतो. मोबाइलचं साधं जीपीएसही नको. बहुतेक फोन सेकंदाला एकदाच जागा नोंदवतात, आणि १२२ किमीच्या वेगात एका सेकंदात गाडी ३४ मीटर पुढं गेलेली असते. हातातल्या स्टॉपवॉचमध्ये माणसाच्या बोटाचाच एक-दोन दशांशाचा घोळ असतो. सेकंदाला १० किंवा २५ नोंदी घेणारं ड्रॅगीसारखं जीपीएस यंत्र चार मित्रांत मिळून घ्या, किंवा किरण तुटला की वेळ नोंदवणारी गेट लावा.

त्यानंतर यंत्रातली एक सेटिंग बघायची: पहिल्या फुटाची सूट. ट्रॅकवर पुढचं चाक किरणात उभं असतं, आणि ते किरणातून बाहेर पडल्यावरच घड्याळ सुरू होतं. म्हणजे गाडी साधारण फूटभर आधीच हललेली असते. जीपीएस यंत्रात ही सूट चालू-बंद करता येते. बंद ठेवली तर वेळ पाव ते एक तृतीयांश सेकंद जास्त येते, कारण सर्वांत हळू कापलेला फूट तोच. एकाची सूट चालू, दुसऱ्याची बंद, आणि दोघं टपरीवर भांडताहेत, असं नेहमी दिसतं. ट्रॅकच्या पावतीशी तुलना करायची असेल, तर सूट चालू ठेवा.

दुसरी बारीक गोष्ट वेगाची. ट्रॅकच्या पावतीवरचा वेग रेषेवरच्या क्षणाचा नसतो, शेवटच्या ६६ फुटांतला (२०.१२ मीटर) सरासरी वेग असतो. जीपीएस रेषेवरचाच वेग दाखवतं. आपल्या गाड्यांत दोनशेला हा फरक ताशी दीड किमीच्या घरात येतो. दोन्ही वेग एकाच जातीचे वापरा, एवढं पुरे.

गडी हिरव्या दिव्यानंतर उशिरा सुटला, तर ती वेळ गाडीच्या टायमात धरली जात नाही. शर्यत हरायला तेवढं कारण पुरतं, पण आपल्या हिशेबात तिला जागा नाही.

४. कोणती धाव घ्यायची

निदान चार धावा करा, दोन या दिशेनं, दोन त्या. पावसाळ्याच्या आगेमागे इकडं पश्चिमेकडून वारं चांगलंच लागतं. एकाच दिशेचे आकडे वाऱ्याच्या मेहरबानीचे असतात. उलट दिशेनं पळायला तिकडंही थांबायला जागा असेल तरच पळा. नसेल तर वारं पडेपर्यंत थांबा.

आता प्रत्येक धावेचे तीन आकडे समोर ठेवा: साठ फुटांची वेळ, दोनशेची वेळ, दोनशेचा वेग. समजा एका ३५०-४०० सीसीच्या बाइकच्या दोन धावा अशा आल्या:

पहिली: दोनशेची वेळ ९.१० सेकंद, वेग १२२ किमी.
दुसरी: दोनशेची वेळ ९.३५ सेकंद, वेग १२१.५ किमी.

वेग जवळजवळ सारखाच, वेळेत पाव सेकंदाचा फरक. साठ फुटांचे आकडे बघितले की दिसतं, तो पाव सेकंद सगळा सुटतानाच गेलाय. क्लच घसरला किंवा चाक फिरलं. १.५५नं गुणलं तर १४.११ आणि १४.४९ येतात, म्हणजे फरक वाढून ०.३८ झाला. पण दोनशेची रेषा दोन्ही वेळा सारख्याच वेगात ओलांडली आहे. पुढच्या दोनशेत गाडीला आधीच्या गोंधळाचा पत्ताच नसतो, ती सारखाच वेळ घेणार. चारशेला फरक पाव सेकंदाच्या आसपासच राहणार.

उलट, वेळ बरी पण वेग ताशी तीन-चार किमीने कमी अशी धाव आली, तर तिच्याकडं नीट बघा. तिथं सुटणं चांगलं झालंय आणि इंजिन दमलंय, किंवा समोरून वारं आहे. अंदाजासाठी ती धाव घेऊ नका.

५. उरलेल्या तुकड्याची वेळ

हा या लेखाचा गाभा, म्हणून सावकाश करा.

(क) दोनशेचा वेग ३.६ने भागा. १२२ ÷ ३.६ = ३३.८९ मीटर प्रति सेकंद.

(ख) चारशेच्या रेषेवरचा वेग दोनशेच्या किती पट असेल, ते ठरवा. याला वेगाचा गुणक म्हणू. स्वतःच्या गाडीची एक जरी खरी चारशेची पावती हातात असेल, तर गुणक तिच्यावरूनच काढा. त्याला तोड नाही. पावती नसेल तर मी सुरुवातीला असं धरतो: १००-१२५ सीसीला १.१० ते १.१४, १५०-२०० सीसीला १.१४ ते १.१८, ३०० ते ४०० सीसीला १.१६ ते १.२२, साध्या पेट्रोल मोटारीला १.२० ते १.२५, लिटरच्या (१००० सीसीच्या) सुपरबाइकला १.२३ ते १.२७. लहान गाडी दोनशेलाच स्वतःच्या कमाल वेगाजवळ पोचलेली असते. पुढं वारा तिला वाढू देत नाही, म्हणून तिचा गुणक लहान.

आपल्या उदाहरणात १.२० घेऊ. ३३.८९ × १.२० = ४०.६७.

(ग) दोन वेगांची सरासरी: (३३.८९ + ४०.६७) ÷ २ = ३७.२८.

(घ) २०१.१७ ÷ ३७.२८ = ५.४० सेकंद. ही दोनशे ते चारशेची वेळ.

(च) ९.१० + ५.४० = १४.५०.

साधी सरासरी घेतल्यामुळं उत्तर दोन-तीन शतांश जास्त येतं, कारण तुकड्याच्या सुरुवातीला वेग जोरात वाढतो आणि शेवटी मंदावतो. तेवढं सोडून द्या, किंवा शेवटी वजा करा. मी सोडून देतो.

आता पसारा बघा. गुणक १.१६ धरला तर १४.६० येतं, १.२५ धरला तर १४.३८. गुणकात एवढा फेर करूनही उत्तर दोन-सव्वादोन दशांशातच राहिलं. कारण ९.१० हा भाग मोजलेला आहे, अंदाज फक्त उरलेल्या तुकड्याचा आहे.

६. छताची परीक्षा

काढलेला आकडा शक्य तरी आहे का? हे तपासायची एक सोपी युक्ती आहे आणि ती कुणी वापरत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. इंजिन पूर्ण ताकद देत असेल आणि हवा अडवत नसेल, तर सारख्या अंतराला वेगाचा घन सारखाच वाढतो. प्रत्यक्षात हवा अडवतेच, म्हणजे खरी वाढ याहून कमी. त्यामुळं हा हिशेब वेगाचं छत देतो. त्याच्या वर गाडी जाऊ शकत नाही.

त्यासाठी ३३० फुटांचा वेग लागतो. समजा तो ९८ किमी आहे.

९८चा घन ९,४१,१९२. १२२चा घन १८,१५,८४८. फरक ८,७४,६५६. दोनशे ते चारशेत असे दोन तुकडे, म्हणून दुप्पट १७,४९,३१२. बेरीज ३५,६५,१६०. घनमूळ १५२.८.

म्हणजे चारशेला १५२.८ किमीच्या वर वेग येणार नाही, आणि वेळ १४.३५च्या खाली जाणार नाही. आता १.५५वाला १४.१ घ्या. तो खरा ठरायचा, तर उरलेलं अंतर ५.० सेकंदांत कापावं लागेल. सरासरी वेग १४५ किमी, म्हणजे रेषेवर जवळपास १६७. छत १५२.८चं आणि मागणी १६७ची. टपरीवरची पैज इथंच निकालात निघते.

*सावध:* ३३० फुटांपर्यंत गाडी चाक उचलत किंवा टायर फिरवत गेली असेल, तर हे गणित वापरू नका. इंजिनाची पूर्ण ताकद तोवर जमिनीवर उतरलेलीच नसते, आणि मग छताचा आकडा फसवा येतो.

आणि फक्त साठ किंवा ३३० फुटांवरून चारशेचा अंदाज काढू नका. साठ फूट क्लच आणि टायर सांगतात, इंजिन नाही.

७. स्प्रॉकेट आणि लिमिटर

बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) दोन-तीन दात वाढवून घेणं हा आपल्याकडचा आवडता इलाज. गाडी सुटते झकास. दोनशेला ९.१०ची ९.०० होते आणि पोरगं खूश. पण समजा आता शेवटच्या गिअरमध्ये लिमिटर (इंजिनाला ठरलेल्या आरपीएमच्या वर जाऊ न देणारी यंत्रणा) १२८ किमीलाच लागतो. दोनशेला १२२वर असलेली गाडी थोड्याच अंतरात १२८ला पोचते आणि तिथंच रडत राहते. उरलेल्या तुकड्याचा सरासरी वेग १२७ किमी, म्हणजे ३५.२८ मीटर प्रति सेकंद, वेळ ५.७०. एकूण १४.७०. आधी होती १४.५०. दोनशेला एक दशांश कमावला, चारशेला दोन घालवले.

म्हणून अंदाज काढण्याआधी शेवटच्या गिअरमध्ये लिमिटर किती वेगाला लागतो, हे कागदावर काढा. लिमिटर लागतो ते आरपीएम, टायरचा घेर, प्राथमिक गिअरचं गुणोत्तर, त्या गिअरचं आणि दोन स्प्रॉकेटचं गुणोत्तर एवढ्यावर ते निघतं. पायरी ५मधला चारशेचा वेग त्याच्या वर जात असेल, तर तो वेग लिमिटरवरच कापा.

दोनशेच्या रेषेनंतर लगेच गिअर बदलावा लागत असेल, तर आणखी ०.०५ सेकंद घाला. त्याहून जास्त नको. एका गिअरचं भय लोक उगाच मोठं करतात.

८. हवा

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. चेन्नईजवळचा ट्रॅक जवळपास समुद्रपातळीला. इथं मोजून तिथं पळायचं असेल तर हवेचा हिशेब लागतो, आणि तो करताना एक चूक हमखास होते: मोबाइलच्या हवामान ॲपमधला दाब. ॲप बेळगावलाही १०१० हेक्टोपास्कल दाखवतं, कारण तो आकडा समुद्रपातळीला आणून सांगितलेला असतो. इंजिनाच्या नाकाशी खरा दाब ९२५च्या आसपास असतो. फोनमध्ये दाबाचा सेन्सर असेल तर त्याचाच आकडा घ्या.

घनता = दाब (पास्कलमध्ये, म्हणजे हेक्टोपास्कल × १००) ÷ (२८७ × (२७३ + तापमान)). बेळगाव ९२५ हेक्टोपास्कल आणि २८ अंश: १.०७. चेन्नई १००८ आणि ३२ अंश: १.१५. साडेसात टक्के दाट हवा. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारं यंत्र) नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण त्याच प्रमाणात वाढते. वेळ ताकदीच्या घनमुळाच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आत, १४.५०चे १४.१५ होतील असं कागद सांगतो.

कागदाचं पूर्ण ऐकू नका. दाट हवा इंजिनाला पोसते तशी गाडीला अडवतेही, आणि लहान गाडीला ते जास्त बाधतं. सुटताना तर ताकदीपेक्षा पकड महत्त्वाची. मी या फरकातला निम्माच धरतो, म्हणजे १४.३०च्या पुढंमागं. कार्बोरेटरची गाडी असेल तर जेट तिथं पुन्हा बघावं लागतं: इथं नीट बसवलेलं मिश्रण खाली दाट हवेत पातळ पडतं (हवेच्या मानानं पेट्रोल कमी), आणि पातळ मिश्रणावर पूर्ण थ्रॉटल म्हणजे पिस्टनला धोका. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हे सांभाळतो. टर्बो मोटारीला हा हिशेब लावूच नका, तिचा बूस्ट उंचीचा बराच भाग भरून काढतो.

९. आकडा कसा लिहायचा

एक आकडा लिहू नका, पट्टा लिहा: "१४.४ ते १४.६, बेळगावच्या हवेत, पहिल्या फुटाची सूट धरून, साठ फूट अमुक." स्वाराचं वजन आणि टाकीतलं पेट्रोलही शेजारी टिपा, साठ किलोच्या भावानं काढलेली वेळ नव्वद किलोच्या दादाला लागू पडत नाही.

मग अधिकृत दिवशी पहिली पूर्ण पावती हातात आली की या क्रमानं जुळवा. साठ फुटांची वेळ सारखी आहे का? नसेल तर तो फरक आधी बाजूला काढा. दोनशेचा वेग सारखा आहे का? नसेल तर हवा किंवा उतार. पावतीवर दोनशे आणि चारशे दोन्ही वेग असतील, तर दुसऱ्याला पहिल्यानं भागा. हा तुमच्या गाडीचा खरा गुणक. तो यंत्राच्या डबीवर मार्करनं लिहून ठेवा. स्प्रॉकेट, टायरचा आकार, एक्झॉस्ट किंवा फेअरिंग बदललं की खोडा आणि नव्यानं काढा.